सात खणांची डबी

तिसऱ्यांदा आकडेमोड केली तरी ताईच्या नोंदीपुढे बावीसच आले. धाकट्याने वैतागून कीबोर्ड पुढे ढकलला. इस्पितळातल्या नोंदींवरून कुणाचा संधिवात किती बळावलाय हे सांगणारं सूत्र त्याचंच होतं. आठ महिने रक्त आटवून केलेलं, रविवारसुद्धा न पाळता. डॉक्टरांकडे किती खेपा, तपासण्या किती, गोळ्या किती नेल्या, सगळ्याची गोळाबेरीज. साठच्या वर जाईल त्याला नवी इंजेक्शनं. यादी उद्या जायची होती, आणि जिला स्वतःची वेणी घालता येत नाही ती त्याची सख्खी बहीण म्हणे सौम्य! वा रे सूत्र!

साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, घरच्या माणसासाठी आकडा वाकवायचा नसतो. नोंदीत तर लख्ख दिसत होतं, आठ महिन्यांत तिने ना गोळ्या नेल्या, ना डॉक्टरांचं तोंड पाहिलं.

राग साहेबांचा, निघाला ताईवर. ऑफिसातून तडक तिच्याकडे जाऊन त्याने तिला फैलावर घेतलं. औषध नको, डॉक्टर नको, मग आम्ही इथे मरमर मरायचं कशाला? ताईने सगळं ऐकून घेतलं आणि मनगटाने कपाटाचा खण ओढला. आत आठ महिन्यांपूर्वी आणलेली गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती. शेजारी सात खणांची रिकामी डबी.

"अंगठ्याने दाबून गोळी बाहेर येत नाही रे. दाताने फाडलं तर भुगा होतो."

"शेजारच्या काकूंना सांगायचंस."

"दोनदा सांगितलं. दर आठवड्याला काय सांगायचं? आणि गोळ्या न घेता डॉक्टरांकडे गेले तर बोलणीच खायची."

डबी तो ओळखत होता. दर रविवारी येऊन तोच भरून ठेवायचा.

"मग मला का नाही बोलावलंस?"

"तू त्या सूत्रात गुंतला होतास," ताई म्हणाली. "माझ्यासारख्यांसाठीच चाललंय म्हणालास, मग कसं बोलावू?"

धाकटा खाली बसला. पाकीट घेऊन त्याने एकेक गोळी दाबून काढायला सुरुवात केली. ताई बघत राहिली.

"माझा आकडा किती आला रे?"

"चुकलाय," तो म्हणाला. "उद्या यादी देत नाही मी."

आणि त्याने मंगळवारच्या खणात गोळी टाकली.