त्र्याहत्तरची जांभळं

विनयाने त्या शनिवारी श्रीखंडात वेलची मुद्दाम घातली नाही. केशरही नाही. नुसता चक्का आणि साखर. वाटी दिनकरपुढे ठेवली आणि पदराने वारा घेत ती समोर बसली.

दिनकरने चमचाभर खाल्लं आणि मान डोलावली. "वा! वेलची छान लागतेय."

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन ओटा धरून उभी राहिली.

बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकही पदार्थ नावं ठेवल्याशिवाय खाल्ला नव्हता. जिना चढतानाच ओरडायचा, "आमटी खाली लागली गं!" आणि ती लागलेलीच असायची. नाक होतंच तसं. लखनौच्या एका संशोधन संस्थेत आंबवण्याच्या प्रयोगांवर त्याची नोकरी होती. चंबूतलं काही बिघडलंय असा संशय आला, की प्रयोगशाळेतली पोरं तो चंबू यंत्राकडे नेण्याआधी दिनकरच्या नाकाकडे न्यायची.

गेल्या सप्टेंबरात आलमबागच्या चौरस्त्यावर स्कूटर घसरली. डोक्याला सात टाके पडले, ते भरून आले, पण वास गेला तो गेलाच. जिभेला खारट, गोड, आंबट तेवढं कळे. बाकी सगळं अन्न म्हणजे भिजवलेला पुठ्ठा. हे त्याने एकदाच, पहिल्या आठवड्यात सांगितलं. त्यानंतर त्याला सगळंच छान लागायला लागलं. भेंडी छान, पिठलं छान, करपलेली पोळीसुद्धा छान. विनयाला आधी वाटलं, इतक्या वर्षांनी लखनौची तहज़ीब याच्या अंगी बाणली. खालच्या मजल्यावरचे घरमालक रिझवीसाहेब लोकांकडची करपलेली खीरही 'क्या बात है' म्हणत संपवतात, तसंच हे. तो काही न कळताच छान म्हणतो, याची खात्री आज वेलचीने पटवली.

डॉक्टरांनी तेव्हा तिला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं, "नस दुखावली आहे. वास आला तर वर्षाच्या आत येईल. आणि येताना सरळ येत नाही, आधी वेडावाकडा येतो." ती दिनकरला एवढंच म्हणाली होती, की वेळ लागेल. उगाच रोज वाट बघत बसेल बिचारा. आता नववा महिना सरत आला होता, आणि तीन दिवसांपूर्वी तिला त्याच्या टेबलावर स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाचा कच्चा मसुदा दिसला होता. सोमवारी द्यायचा होता.

जूनची दुपार. बाहेर लूचा गरम वारा भणभणत होता, त्यात वीज गेली. अशा वेळी रिझवीसाहेबांच्या त्या जुन्या कोठीत माणसाने बसण्यासारखी एकच जागा उरे, ती म्हणजे तहखाना, जमिनीखालची गार खोली. झरोक्याखालच्या मेजावर दिनकर अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवत बसला होता. त्याच खोलीत विनया आणि त्यांची कॉलेजातली लेक कल्पना भिंतीलगतच्या ट्रंका ओढत होत्या, कारण वाळवी लागली आहे, भिंती मोकळ्या करा, असं रिझवीसाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं.

शेवटची ट्रंक हलली आणि कल्पना ओरडली, "मम्मी, इधर देखो! बोतलें हैं!"

मागच्या कोनाड्यात सात बाटल्या आडव्या पडल्या होत्या. तोंडं मेणाने बंद, वर कोळिष्टकं, आणि चिठ्ठ्यांवर दिनकरचं मुंगीएवढं अक्षर: जांभूळ ७३/१, ७३/२...

दिनकर पेन ठेवून उठला. "अरे! माझी वाइन!"

"तुमची काय?"

"वाइन गं. त्र्याहत्तर साली मलिहाबादहून टोपलीभर जांभळं आणली होती ना? तुला सांगितलं सरबत करतोय."

"आणि ते नासलं म्हणालात!"

"आई येतेय म्हणून तार आली. घाईघाईत इथे ठेवल्या आणि वर ट्रंक ओढली."

त्याची आई पुढे आठ वर्षं त्यांच्याकडे राहिली. उन्हाळ्याच्या दुपारी तिची बाज याच कोनाड्यापाशी असे. ती गेल्यावर बाटल्यांची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

"मतलब," कल्पना खिदळली, "आजी आठ साल दारू के ठेके के बगल में सोती रही?"

दिनकरही हसला. सवयीने एक बाटली नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. हसू विझलं. "टाकून द्या. मला आता काय कळणार त्यातलं."

विनयाने पदर खोचला. "मला कळेल."

"तुला?"

"का? मला नाक आहे."

"तू कधी थेंब घेतला नाहीस. शिवाय आज तुझा शनिवार."

"जांभूळ फळच ना? फळ उपासाला चालतं. कल्पे, वर जाऊन पेला आण. आणि एक स्क्रू नि पकड."

बुचात स्क्रू पिळून पकडीने ओढायचं तंत्र दिनकरचंच. पहिल्या बाटलीचं बूच निघालं आणि विनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंबट ढाण! लोणच्यात घाला."

दिनकरने हुंगलं. "झोंबतंय. पण हा वास नव्हे, नुसता नाकाला झटका आहे. व्हिनेगर झालं." दुसरी आतून सुकलेली होती. तिसरीला पावसाळ्यातल्या पायपुसण्याचा वास आहे, असं विनयाने जाहीर केलं.

चौथीतून गडद, लालसर तपकिरी धार पेल्यात पडली. विनयाने देवाचं नाव घेतलं, नाक जवळ नेलं, मग एक घोट. मग आणखी एक, मोठा.

"सांग ना," दिनकर म्हणाला. नऊ महिन्यांत त्याचा आवाज एवढा अधीर झाला नव्हता.

"थांबा हो. आधी जांभळाच्या बिया, वाळत घातलेल्या. मग जुना काळा गूळ. आणि..." तिने डोळे मिटले. "पाण्याने पुसलेली पाटी. शाळेतली. जीभ अशी तुरट होऊन तोठरते, पण वाईट नाही वाटत."

"तोठरते? तेरा वर्षांनंतरही?" त्याने पेला घेतला, खोल हुंगलं, घोट घेतला. क्षणभर त्याचा चेहरा आक्रसला. लगेच तो सरळ झाला. "छान आहे," तो म्हणाला.

विनयाने पेला त्याच्या हातातून काढून घेतला. उपाशी पोटी दोन घोट गेले होते, त्यामुळे असेल, पण नऊ महिने आवरलेलं एकदम बाहेर पडलं.

"पुरे झालं तुमचं छान! सकाळी श्रीखंडात वेलची नव्हती. एक दाणा नव्हता!"

दिनकर हळूच म्हणाला, "तू एवढी उन्हातान्हात चुलीशी उभी राहतेस. मी काय पुठ्ठा पुठ्ठा करत बसू?"

"करा! नावं ठेवा मला. आत्ता तोंड वाकडं केलंत ते मी पाहिलं. का केलंत?"

"रागावणार नाहीस?"

"सांगा."

"जळक्या टायरसारखं काहीतरी आलं. वाइनचा दोष नाही, तू म्हणतेस तर ती चांगलीच असणार. माझंच बिघडलंय. आठवडाभर तुझ्या कढीलाही तसंच येतंय, सकाळच्या चहालाही. आधी निदान काही नव्हतं. आता हे. म्हणून तर अर्ज..."

विनया पेला घेऊन ट्रंकेवर बसली. "येतंय? नाकात येतंय? वास?"

"घाण वास."

"अहो, आधी घाणच येतो! वेडावाकडा येतो आणि मग सरळ होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. सगळ्यांचा होतोच असं नाही म्हणाले, पण येतो तो असाच."

"तुला सांगितलं होतं? आणि तू मला..."

"तुम्ही रोज वाट बघत बसला असतात!"

"आणि मी तुला वाईट वाटेल म्हणून आठवडाभर टायर गिळतोय!"

कल्पना पकड हातात घेऊन उभी होती. "आप दोनों ना," ती म्हणाली, "कमाल हो."

दिनकरने पेला परत घेतला. या वेळी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्नच केला नाही. हुंगलं, शी म्हणाला, पुन्हा हुंगलं, डोळे बारीक करून, जसा संस्थेत चंबूवर वाकायचा तसा. मग इकडेतिकडे कागद शोधला. हाताशी एकच होता. त्याने अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं: ७३/४. विनया: जांभळाच्या बिया, काळा गूळ, ओली पाटी. दिनकर: जळका टायर. मध्यम.

"मध्यम म्हणजे?" विनयाने विचारलं.

"म्हणजे फार नाही, थोडाही नाही. उरलेली नीट बूच लावून ठेव. सोमवारी पुन्हा बघायचं, कमी होतोय की बदलतोय. दर खेपेला वेळ एकच ठेवावी लागेल. आणि कढी कर आज."

"उपास माझा आहे, तुमचा नाही, करते. पण टायर लागला तर सांगायचं."

"सांगेन. हिंग कमी असला तर?"

"ते कळेल तेव्हा सांगा." ती उठली, चार पायऱ्या चढली आणि भिंत धरून थांबली. "अगं कल्पे, या पायऱ्या कुणी वाढवल्या?"

"मम्मी, आप तो टल्ली हो!"

"गप्प बस. फळाचा उपास आहे माझा," विनया म्हणाली, आणि तिने खाली वाकून बघितलं. दिनकर पाचव्या बाटलीचं मेण नखाने खरवडत होता.