हिरवा मी दाखवलाच नव्हता

जवळ या, मी हातबत्ती बोलतेय. रेल्वेची, तीन रंगांची. मला कौतुक नको. मला सूड हवा होता, आणि तो कसा मिळाला ते सांगते.

माझ्या पोटात घासलेटची टाकी आणि डोक्यावर चक्री. चक्री फिरवली की आतल्या काचा फिरतात: पांढरी, लाल, हिरवी. जबलपूरजवळच्या एका लहान यार्डात मी पुंडलिक सांधेवाल्याच्या हाती आले. गाड्यांचे रूळ बदलायचे आणि इंजिनाला बत्ती दाखवायची, हे त्याचं काम. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं तो रोज माझ्या काचा पुसायचा.

एकदा इंजिनाच्या पायरीवरून मी खाली पडले. बुडाला पोचा आला, आतली कडी वाकली आणि हिरवी काच समोर येईना. पुंडलिकनं मला फोरमन गुणवंतरावांपुढे नेलं.

"साहेब, हिरवा लागून नाही राहिला. दुसरी बत्ती द्या."

"लाल दिसतो ना? मग काहून रडून राहिला? चलो, कामाला लाग."

त्याच आठवड्यात दिवेलागणीला योगेंद्र नावाचा तरुण दोन डब्यांच्या मध्ये शिरून साखळी जोडत होता. पुंडलिकनं मला लाल धरलं होतं. गुणवंतरावांना गाडी लवकर काढायची होती. ते ड्रायव्हरला ओरडले, "पीछे लो!" डबे मागे सरकले. योगेंद्रला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

चौकशीत गुणवंतराव म्हणाले, "पुंडलिकनं हिरवा दाखवला." ड्रायव्हरला नोकरीची भीती. त्यानं 'हो' म्हणून मान हलवली. मी तिथेच टेबलावर होते.

"साहेब, एकदा चक्री फिरवून तर पाहा," पुंडलिक हात जोडून म्हणत होता.

"सबूत को कोई हाथ नहीं लगाएगा," गुणवंतराव म्हणाले, आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला ते पटलं. पुंडलिकची नोकरी गेली. माझ्या गळ्यात पुठ्ठा बांधून मला पेटीत टाकलं.

पेटीत घासलेट वाळलं, वात कुजली. राग मात्र वाळला नाही. तापलेल्या माझ्या पत्र्याला गुणवंतरावांचा हात एकदा चिकटावा, एवढंच मी मागत होते.

कितीतरी वर्षांनी शैलजा आली. रेल्वेच्या जुन्या वस्तूंची नोंद करून त्यांचं प्रदर्शन मांडायचं काम तिच्याकडे होतं. तिनं पेटी उघडली, पुठ्ठा वाचला: 'पुंडलिकने हिरवा दाखवला ती बत्ती.' सहज चक्री फिरवली. पांढरा, लाल, खट्. पुन्हा फिरवली. खट्.

"अनुपम, इकडे ये! हिच्यात हिरवा येतच नाही रे."

"गंजली असेल, दीदी," तिचा सहकारी म्हणाला.

"गंज नाही. कडी वाकलीय. पण कधी वाकली, हे आता कोण सांगणार?"

शैलजानं जबलपुरातल्या मराठी घरांत विचारत विचारत पुंडलिकची मुलगी शोधली. प्रमोदिनी, रांझीला राहणारी निवृत्त शिक्षिका. दोघींचं काय ठरलं ते मला उद्घाटनाच्या दिवशी कळलं.

पाहुणे होते गुणवंतराव! सगळ्यांत जुने फोरमन म्हणून. अंगावर शाल, गळ्यात हार. शैलजानं मला त्यांच्या हातात दिलं. पुठ्ठा तिनं आधीच काढला होता.

"सर, लाल दाखवा ना."

त्यांनी दाखवला. टाळ्या पडल्या.

"आता हिरवा."

त्यांचा अंगठा माझ्या बुडाच्या पोच्यावर थांबला. चक्रीला त्यांनी बोटही लावलं नाही. "अच्छा, ही ती बत्ती! हिच्यात हिरवा लागत नाही," ते हसून म्हणाले. "पुंडलिकच्या हातून पडली होती ना."

पहिल्या रांगेतून प्रमोदिनी उठली. "मी पुंडलिकची मुलगी. कधी पडली होती, काका? योगेंद्र मेला त्याच्या आधी, की नंतर?"

हसू गेलं. "बेटी, जुनी गोष्ट आहे. आता काहून उकरून राहिली?"

"आधी की नंतर?"

"आधी."

"मग बाबांनी हिरवा दाखवला, असं चौकशीत कसं सांगितलंत?" त्यांनी मला घाईघाईनं टेबलावर ठेवलं, आणि त्यांची ती घाई मला फार आवडली.

"बाबा घमापुरात भाजीची हातगाडी लावायचे," प्रमोदिनी म्हणाली. "योगेंद्रचा भाऊ येऊन ती उलटवायचा. खुनी म्हणायचा. बाबा चाळिशीतच गेले, तर खांदा द्यायला शेजारीही आले नाहीत."

गुणवंतरावांनी हात जोडले. "माफ कर, बेटी."

"नाही करणार. तो भाऊ ओमतीत राहतो. चला माझ्याबरोबर, आता जे बोललात ते त्याच्यासमोर बोला. शाल इथंच ठेवा."

"मला चक्कर येऊन राहिली."

"पाणी प्या. मग निघू."

ते तिच्यामागून निघाले. शाल खुर्चीवर पडून राहिली.

आता मी काचेच्या कपाटात आहे. पुठ्ठा नवा आहे. त्यावर कोण खोटं बोललं आणि कुणाची नोकरी गेली, दोन्ही नावं आहेत. लोक वाचतात आणि हळहळतात, "म्हाताऱ्याला एवढं छळायला नको होतं." तुम्ही तसं म्हणू नका. ज्याला खरं छळलं, त्याला म्हातारं होताच आलं नाही. पुंडलिकचं नाव मोठ्यानं वाचा, आणि मगच पुढे जा.