गिलपिनसाठी एक कडवं

नगरसेवक वेस्ली गिलपिन आमच्या मागच्या दाराने आत आला, तेव्हा मी बालवाडीतल्या मुलांचे रंगाचे ब्रश धूत होते. टोपी कपाळावर ओढलेली, कोटाची कॉलर कानापर्यंत वर. आमची वस्ती त्यांच्या वस्तीपासून तोडणाऱ्या भिंतीच्या पलीकडचा माणूस. त्याच्या पक्षाने आमच्या आयरिश भाषेच्या नावाने जन्मभर बोटं मोडली, आणि हा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाय पुसत होता. पाय मात्र अगदी नीट पुसले, हे मान्य करायला हवं.

"मिसेस डेव्हलिन, तुमचा मुलगा आहे का घरात?"

मी ब्रश तसेच नळाखाली टाकले. माझा ओरान आणि त्याचा दोस्त लॉर्कन आयरिशमधून रॅप करतात. जोडीचं नाव 'ब्रुस्कार', म्हणजे कचरा, आणि ओरानची खोली पाहिलीत तर नाव पटेल. नुकतंच त्यांनी एक गाणं काढलं होतं. त्यात गिलपिनच्या पक्षातल्या एकूण एक पुढाऱ्याची बिनपाण्याने केलेली होती. एकाला माजलेला एडका म्हटलं होतं, एकाला राजाच्या चहात पडलेली माशी. सगळ्या पश्चिम बेलफास्टमधली पोरं ते गुणगुणत शाळेत जात होती.

आणि माझी आयरिश भाषेतली बालवाडी भरते नगरपालिकेच्या जागेवरच्या पत्र्याच्या खोलीत. जागेची मुदत संपत आली होती. समितीतल्या काहींना तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या, काहींना आम्ही चालत होतो, आणि दोन्हीकडची मतं मोजली की सारखी भरत होती. राहिला एकटा गिलपिन. तो ज्या बाजूला हात वर करील तसा निकाल. माझी पोरं त्या खोलीत गाणार की रस्त्यावर, हे या माणसाच्या हातात होतं, आणि माझे दिवटे चिरंजीव त्याच्या पक्षाला एडका म्हणत सुटले होते.

"त्याच्या वतीने मी माफी मागते," मी हात पुसत म्हटलं.

"माफी कसली? माझी तक्रार आहे. त्यात मी नाही."

"कशात?"

"गाण्यात हो! सगळे आहेत त्यात. परवा निवडून आलेलं, मिसरूडही न फुटलेलं पोरगं आहे. मी इतकी वर्षं शहराचा कचरा सांभाळतोय, बाई. माझं साधं नाव नाही!"

तो खुर्चीत बसला. मी चहा टाकला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. मग त्याने सगळं सांगितलं. पक्षाच्या कार्यालयात जो तो आपापली शिवी मिरवत होता. एडक्याने तर फोनवर एडक्याचा फोटो लावला होता. आता पुढच्या निवडणुकीची तिकिटं ठरायची होती, आणि भर बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं, ज्याची शत्रूसुद्धा दखल घेत नाही, त्या वेस्लीला तिकीट कशाला?

मला त्याचं दुःख कळलं. आमच्या शहरात भिंतीच्या दोन्ही अंगांना थट्टा त्याचीच होते जो माणसांत जमा असतो. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या मित्रांनी त्याच्या चिक्कूपणावर विनोद केले होते, आणि त्या दिवसभरात मला बरं वाटलं ते तेवढंच.

"एक कडवं द्या मला," गिलपिन म्हणाला. "मी बालवाडीला मत देतो."

ओरान जिन्यात उभा राहून ऐकत होता. तो खाली आला, मागून लॉर्कन.

"मागणीवरून शिवी? ती जाहिरात झाली, मिस्टर गिलपिन. आम्ही कलावंत आहोत."

"कलावंता," मी आयरिशमध्ये म्हटलं, "माझी पोरं रस्त्यावर आली ना, तर तुझ्या कलेची लाकडं करून शेकोटी पेटवीन. बस तिथे."

तो बसला. पण हट्टी, बापासारखा. "ठीक आहे. पण खोटी शिवी मी देत नाही. तुमच्यात काहीतरी खरोखर वाईट असायला पाहिजे."

"असेल की!" गिलपिन आशेने म्हणाला.

"आमच्या भाषेला कधी शिव्या दिल्यात?"

"नाही दिल्या. पण त्याबद्दल फार विचारही केला नाही."

"जुलैत तुमच्या मिरवणुकीत आम्हाला डिवचायला ढोल बडवता?"

"बासरी वाजवतो. वाईट वाजवतो म्हणून मला शेवटच्या रांगेत घालतात."

"लाच? लफडी?"

गिलपिन ओशाळला. "हेझलशी लग्न झालं आणि ते राहूनच गेलं."

लॉर्कनने कपाळाला हात लावला. "अरे, हा तर सज्जन आहे! यावर काय लिहिणार, डोंबल?"

मला तो माणूस आवडू लागला होता, आणि त्याचा मला भयंकर राग येत होता. मी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे जरा जोरातच आदळली. तेवढ्यात त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे माझ्या आईच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण टांगलेलं आहे, पत्र्याचं, कडेने चेपलेलं. 'ब्रुस्कार'च्या प्रत्येक गाण्याला ठेका त्याच झाकणाचा असतो.

"जुना डबा!" गिलपिनचा चेहरा खुलला. "हे सगळे मीच तर बदलले. प्लास्टिकचे, चाकांचे आणले. नगरपालिकेतली माझी पहिली सही ती."

ओरानने माझ्याकडे पाहिलं. माझ्या लहानपणी ब्रिटिश सैनिक गल्लीत शिरले की माझी आई आणि शेजारच्या बाया गुडघ्यावर बसून ती झाकणं फरशीवर आपटायच्या. एका गल्लीतून दुसरीत आवाज जायचा आणि ज्याला पळायचं तो पळायचा. झोपेत अजून मला तो आवाज येतो. प्लास्टिकचं झाकण आपटलं तर फक्त फद्द होतं.

"म्हणजे आजीचं हत्यार नेलं ते तुम्ही?" ओरान हळूच म्हणाला. मग त्याचे डोळे चमकले. "लॉर्कन, सापडलं!"

शनिवारी दुपारी गिलपिन कच्चं कडवं ऐकायला आला, बरोबर हेझलने भाजलेल्या शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा घेऊन. त्याला आयरिशचं अक्षर कळत नाही, म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ओरानने झाकण वाजवत म्हणून दाखवलं, आणि मी प्रत्येक ओळ उलगडून सांगत गेले:

गिलपिन आला, झाकण लावा,
डब्यात त्याचा पक्ष कोंबावा!
पत्रा नेला, प्लास्टिक दिलं,
आजीचं हत्यार लंपास केलं!

गिलपिनने मान डोलावली, पण समाधान दिसेना.

"छान आहे. पण मवाळ नाही का वाटत? एडक्याला केवढं झोंबणारं आहे! मला नुसतं चोर?"

"आजीचं हत्यार चोरणं मवाळ?" ओरान उखडला.

"तसं नव्हे रे. हेझल म्हणते, कान राहिले. लग्नाआधीपासून सांगतेय, म्हणाली, या कानांवर कुणीतरी काहीतरी लिहायला हवं. आणि सभेत मी घोरतो, तेही घालता आलं तर बघा."

मंडईत भाजीसाठी घासाघीस करावी तशी त्याने तासभर शिव्यांची घासाघीस केली, फक्त भाव वर चढवायला. शेवटी दोन ओळी वाढल्या:

कान सुपाएवढे, ऐकतो काय?
सभेत घोरतो, हात वर हाय!

"हां," गिलपिन खुर्चीत मागे रेलला. "आता मला अपमान झाल्यासारखं वाटतंय."

गाणं बाहेर पडलं आणि धुमाकूळ झाला. पोरांनी गाण्याच्या व्हिडिओत प्लास्टिकच्या डब्यावर दोन मोठी सुपं चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी गिलपिन रेडिओवर असा काही कडाडला की मी हातातली सुरी खाली ठेवली. म्हणाला, ही भाषा नव्हे, हे विष आहे. हा माझा नव्हे, भिंतीच्या आमच्या बाजूच्या प्रत्येक कानाचा अपमान आहे. 'ब्रुस्कार'च्या कार्यक्रमाची तिकिटं संध्याकाळपर्यंत संपली. गिलपिनलाही त्याच्या पक्षाचं तिकीट मिळालं, वर बढतीही मिळाली. आयरिश भाषेविरुद्ध पक्षाच्या वतीने बोलायला आता तोच.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हा माणूस आता आमच्या बाजूने मत देणार कसा?

"दिलंय ना त्याने वचन," ओरान म्हणाला.

"वचन बिनकडव्याच्या गिलपिनने दिलं होतं, गाढवा! हा आता त्यांचा वाघ झालाय. वाघ भर समितीत आपल्या बालवाडीला मत देईल?"

ओरानचा चेहरा उतरला. याच बालवाडीत तो पहिली कविता शिकला होता, लॉर्कनला पहिल्यांदा चावला होता तोही तिथेच. "मी जाऊन माफी मागू का?" त्याने विचारलं. माझा पोरगा स्वतःहून माफीचं बोलतोय, हे पाहून मला आणखीच भीती वाटली.

समितीच्या बैठकीला मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले, शेजारी मुलांच्या आया. हात वर झाले, मोजले गेले, आणि अपेक्षेप्रमाणे बरोबरीत अडकले. गिलपिन उठला. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"या लोकांच्या पोरांनी मला चोर म्हटलं," तो गरजला. त्याच्या बाजूची बाकं दणाणली. "माझ्या कानांना सुपं म्हटलं. आता सगळं शहर वाट बघतंय. गिलपिन रागाने काय करतो? आज मी नकार दिला, तर उद्या ते दोघे टोणगे गातील की गिलपिनला झोंबलं, गिलपिन रडला, तीन वर्षांच्या पोरांवर सूड काढला! त्यांना ते सुख मी देऊ? मला झोंबलेलं नाही! एक ओळसुद्धा झोंबलेली नाही! आणि हे दाखवून द्यायला मी बालवाडीच्या बाजूने मत देतो!"

त्याचेच लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. "शाब्बास, वेस्ली!" एडका तर बाकावर मुठी आपटत होता. आम्हाला हरवल्याच्या आनंदात त्यांनी आम्हाला जागा देऊन टाकली होती. मी तोंडावर रुमाल धरला, आणि शेजारच्या आईला वाटलं मी रडतेय. थोडी रडतही होते.

पुढच्या आठवड्यात गिलपिन बालवाडीवर आला, पुढच्या फाटकाने, भर उन्हात. म्हणे कचऱ्याच्या डब्यांची पाहणी आहे. पोरं अंगणात पातेल्यांची झाकणं एकमेकांवर आपटत तेच गाणं म्हणत होती. मी कुणाला शिकवलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं.

तो कुंपणापाशी जाऊन कान देऊन ऐकू लागला.

"माझं नाव ऐकू येतंय," तो म्हणाला.

"येणारच. तुम्हालाच शिव्या देतायत."

"मुलं छान म्हणतात." त्याचा आवाज जरा ओला झाला होता. "माझ्यावर आजवर कुणी काही रचलं नव्हतं हो. हेझलला म्हणून दाखवायचंय. पहिली ओळ कशी आहे?"

मी सांगितली. त्याने म्हटली, आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकी वाईट म्हटली. कुंपणाच्या जाळीत नाक खुपसून उभ्या असलेल्या छोट्या क्लोनाने मान हलवली.

"असं नाही काही. घशातून," ती आयरिशमध्ये म्हणाली. मी तिचं बोलणं त्याला समजावलं, आणि नगरसेवक वेस्ली गिलपिन टोपी काढून, गुडघ्यावर बसून, तिच्या मागोमाग स्वतःला शिव्या देऊ लागला.