भांड्यांची खोली

रणधीरने तांब्याच्या डेगेवर बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि आवाज पुरता विरेपर्यंत कान तिथेच ठेवला. मग वाकून आतली कल्हई पाहिली, कडेवरून हात फिरवला आणि मागे उभ्या असलेल्या युवराजकडे बघून मान हलवली.

"माल अस्सल हाय. आता अशी डेग कूनी बनवत न्हाय. पातेली, पराती, झारे, बादल्या, सगळंच उचलतो. उद्या पिकअप पाठवू?"

"पाठवा," युवराज म्हणाला.

"नगं," शांतलिंग म्हणाला.

दोघांनी वळून पाहिले. पाडलेल्या जुन्या घराच्या दगडांच्या ढिगावर तो मघापासून बसून होता, पण त्याला कोणी काही विचारले नव्हते. तशी कुणाची सवयही नव्हती. एकतीस वर्षे त्याने गावच्या नळाचे व्हॉल्व्ह खोलले आणि बंद केले. रस्त्यात भेटणारा माणूस त्याला एकच गोष्ट विचारायचा, पाणी कधी सुटणार. निवृत्त झाल्यावर तेही विचारायचे थांबले.

"अप्पा, परवा इकायचं ठरलं तवा तर तुमी काय बोलला न्हाईत," त्याचा मुलगा युवराज म्हणाला.

"परवा तू बोलत हुतास."

रणधीर हसला. मुरुम गावात त्याचा मंडपाचा धंदा होता. मंडप, खुर्च्या, भांडी, आचारी, एका फोनवर सगळे दारात. "अप्पा, काकू हुत्या तवर ठीक हुतं. आता ह्या पसाऱ्याकडं कोण बगणार? गटातल्या बाया थकल्या. लोक माझ्याकडंच येतेत की ओ."

"येतेत. आन ज्यांला तुझा मंडप झेपत न्हाय, ते कुणाकडं जातेत?"

रणधीरने डेगेच्या कडेवरचा हात काढून घेतला.

ही भांडी शांतलिंगच्या बायकोच्या, जगदेवीच्या बचत गटाची होती. बारा बायकांनी पंधरा वर्षांत एकेक करून ती जमवली होती. गावात कुणाकडे लग्न असो की बारसे, घरचे कुणीतरी यायचे, भांडी न्यायचे, चिंच-राखेने घासून परत आणायचे. भाडे नाही. मयताच्या घरी तर मागायलाही यावे लागत नसे. तिसऱ्या दिवसाच्या आत लागतील तेवढी भांडी त्या दारात जाऊन पोचत. मयताच्या घरच्या माणसाला मागायला लावू नये, असे जगदेवीचे म्हणणे होते. ती स्वतः गेली तेव्हा मात्र भांडी कुठे न्यावी लागली नाहीत. ती त्याच घरात होती.

नवे घर तेव्हा अर्धे झाले होते. इंजिनिअरने काढलेला नकाशा मांडीवर घेऊन तिने विचारले होते, "ह्यात भांड्यांची खोली कुठं हाय?" तिचे हे विचारणे नवीन नव्हते. अकरा वर्षे ती परसात एक पक्की खोली मागत होती. जुन्या घरात मधल्या खोलीभर भांडी होती आणि भिंत आणि पातेल्यांच्या मध्ये उरलेल्या जागेत ती अंथरूण घालायची. शांतलिंगने नकाशा तिच्या हातातून घेतला होता आणि म्हटले होते, "लोकांच्या भांड्यांला घर बांधायला म्या काय सरकार हाय?" ती हसली होती. दीड महिन्यात ती गेली. जुने घर पाडले, आणि भांडी परसात ताडपत्रीखाली आली.

"म्या खोली बांधणार हाय," शांतलिंग दगडांवरून उठत म्हणाला. "हितंच. दगडी जोतं, वर पक्की वीट, लोखंडी अँगल, जाड पत्रा. भांडी आत जातेल."

"हितं माझी गाडी लागणार हाय, अप्पा."

"गाडी बाहीर बी थांबती. तिला कोण उचलून न्हेत न्हाय."

"काकूचं मंदिर बांधायलाव व्हय?" रणधीरने डोळा बारीक करून विचारले.

"मंदिर न्हाय, खोली. मंदिरातली भांडी चोरीला जातेत."

रणधीर मोटारसायकलवर बसून गेला. युवराज उंबऱ्यावर थोडा वेळ उभा राहिला. उमरग्याला त्याचे स्पेअर पार्टचे दुकान होते आणि दुकानात तो गिऱ्हाइकाशी फार गोड बोलत असे. बापाशी त्या दिवसापासून त्याने बोलणे सोडले.

दुसऱ्या दिवशी गोरोबा गवंडी आला. त्याने परस बघितला, ढीग बघितला आणि सरळ सल्ला दिला. "अप्पा, कशाला एवढी यातायात? उमरग्याला तयार शेड मिळतंय. दोन दिसांत हुबं करून देतेत."

"आन पयल्या वावटळीला आळंदला जाऊन पडतंय. कर्नाटकातनं परत कोण आणायचं?"

"बरं, मग वीट तरी चार इंची घेऊ."

"नऊ इंची."

"भांडी ठेवायचीत का हत्ती?"

"तू बांध."

जुन्या घराचे काळे दगड शांतलिंगने स्वतः वाहिले. चौसष्ट वर्षांचा माणूस, दगड पोटाशी धरून वाकत वाकत यायचा, खाली ठेवायचा, कमरेला हात लावून उभा राहायचा आणि पुन्हा जायचा. निवृत्तीचे पैसे बँकेतून काढले तेव्हा त्याने युवराजला सांगितले नाही. हॉटेलवर लोक बोलायचे. बायको गेल्यावर म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे एक जण म्हणाला, तेव्हा शांतलिंग तिथेच चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला, म्हणाला, "तुज्या पोरीच्या लग्नात भात कशात शिजला हुता ते आठीव," आणि घरी येऊन घमेले उचलले.

भिंतीला पाणी मारायचे काम त्याने कुणाला दिले नाही. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून तो प्रत्येक वीट काळी होईपर्यंत उभा राही. पाण्याचे काम त्याला येत होते. सून मोनिका गवंड्यांना चहा आणून द्यायची. नवरा घरी असला की कप कट्ट्यावर ठेवून लगेच आत जायची.

जोत्याच्या वर दोन थर चढले तेव्हा गोरोबाने विचारले होते, "दार किती सोडू?"

"किती असतंय?"

"आशा खोलीला अडीच फुटी चौकट बसवतेत. शिमिटाची तयार मिळती मुरुमला."

"तीच आण. फकस्त कडी-कोयंडा दणकट पायजे."

जमिनीवर शहाबादी फरशी बसली, वर पत्रा चढला, पत्र्याचे हूक त्याने एकेक ओढून पाहिले. चौकटीत बसवायचे दाराचे पान अजून यायचे होते, पण आभाळ भरून येऊ लागले होते. त्याने गिरिजाबाईला निरोप पाठवला, भांडी आत घ्यायची आहेत, बाया घेऊन ये.

गिरिजाबाई जगदेवीच्या बरोबरीची, गटातली तिच्या खालोखालची. सकाळी ती सात-आठ जणींना घेऊन आली. खोलीभोवती एक फेरी मारली, भिंतीवर थाप मारली. "भूकंप आला तर सगळा गाव ह्यातच घालावा," म्हणाली. शांतलिंगला बरे वाटले. ते दिसू नये म्हणून तो ताडपत्री सोडायला लागला.

पराती गेल्या. पातेली एकात एक घालून गेली. बादल्या, झारे, ओगराळी गेली. गोरोबा उरलेल्या वाळूवर बसून तंबाखू मळत होता. युवराज त्या दिवशी दुकानाला उशिरा निघाला होता, तोही मोटारसायकल पुसत बघत होता. मग चौघीजणींनी डेग दारापर्यंत आणली आणि ती अडली.

"आडवी करा," शांतलिंग म्हणाला.

आडवी केली. डेग जितकी रुंद, तितकीच खोल होती. चार बोटे कमी पडत होती.

"तिरकी घ्या जरा."

तिरकी घेतली. चौकटीच्या कडेवर तांब्याची लाल रेघ उमटली. डेग तिथेच.

मग चौघींतल्या नागूबाईला हसू फुटले. तिने पदर तोंडात कोंबला, पण तोवर ते सगळ्यांना लागले होते. एक जण म्हणाली, "अगं बया! घर बांधलं, आन नवरीच बाहीर!"

"म्या इचारलं हुतं," गोरोबा उठत म्हणाला. "दार किती सोडू म्हणून म्या इचारलं हुतं बगा."

"पयल्या घरात कशी जात हुती?" शांतलिंगने विचारले.

"तिथं दोन फळ्यांचं दार हुतं की," गिरिजाबाई म्हणाली. तिने हसणे थांबवले होते. "अप्पा, एक डाव जरी भांडं उचलू लागला असता ना, तर कळलं असतं तुमाला."

शांतलिंगने मान खाली घातली. पंधरा वर्षे डेग त्याच्या घरातून आत-बाहेर होत होती. ती निघाली की तो खाटेवर पाय वर घ्यायचा, तेवढेच. तिची रुंदी त्याला ठाऊक नव्हती. गावातल्या प्रत्येक पाइपाची त्याला ठाऊक होती.

युवराज जवळ आला. इतक्या दिवसांनी तो बापाशी बोलला, आणि समजुतीने बोलला. "अप्पा, ऱ्हाऊ द्या. बाकी सगळं बसलंय. डेग तेवढी रणधीरला देऊ. नायतरी पाचशे माणसाचा सैपाक आता कोण करतंय घरी?"

"नायतर वरचे दोन पत्रे खोलू," गोरोबा म्हणाला. "दोर लावून वरनं सोडू आत."

"आन कुणाकडं मयत झालं की परत पत्रे खोलायचे?"

गोरोबाने तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

शांतलिंग घराच्या मागच्या बाजूला गेला. आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती आणि काखेत घण.

"अप्पा!" गोरोबा आडवा आला. "पंधरा दिस पानी मारलंय तुमी. भित दगड झाल्याय. हातभर लांब तडा जाईल."

"जाऊ दे. तू भरशील परत."

"लोक बगायलेत, अप्पा," युवराज हळू आवाजात म्हणाला. खरेच कुंपणाशी चार माणसे थांबली होती. "हसतेल सगळे."

"हसू दे. अकरा वर्सं म्या आडवा हुतो. ही चौकट तर पंधरा दिसाची हाय."

त्याने घण उचलला.

पहिल्या घावाने काही झाले नाही. दुसऱ्याने घण उलटून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. त्याने स्वतःच मागितलेली नऊ इंची वीट, स्वतःच पाजलेले पाणी, सगळे आता त्याच्या विरुद्ध उभे होते. तो थांबला, बंडीची गुंडी सोडली आणि पुन्हा घाव घातला. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडली. त्याने तिथे पहार घातली आणि अंग टाकले. कुंपणावरून कुणीतरी काहीतरी बोलले. त्याने वळून पाहिले नाही.

थोड्या वेळाने गोरोबाने तंबाखू थुंकली, "सरका," म्हणाला आणि चौकटीवरच्या विटांना दोन टेकू लावले. "पाडायचंच हाय तर रीतसर पाडू. पत्रा डोक्यावर घेणाराव का?" पण घण शांतलिंगने त्याला दिला नाही.

युवराजने मोटारसायकल सुरू केली. काही क्षण ती जागीच घरघरत राहिली, मग फाटकातून बाहेर पडली.

दुपार कलली तेव्हा एका बाजूची चौकट बाहेर आली होती आणि तिच्यामागची दोन हात भिंतही. ओबडधोबड, दात पडल्यासारखे भगदाड. शांतलिंगच्या तळहाताला फोड आले होते, त्यातला एक फुटला होता. मोनिका झाडू घेऊन आली. कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून तिने विटांचे तुकडे एका कडेला ओढले आणि झाडू हातात धरून तिथेच उभी राहिली.

"चला ग," गिरिजाबाई म्हणाली.

डेगेला चार कड्या होत्या. बाया आपापल्या जागी गेल्या. मागच्या दोन कड्या नागूबाई आणि तिच्या जावेने धरल्या, पुढची उजवी गिरिजाबाईने. सकाळी चौथी कडी कुणीतरी अशीच धरली होती, पण आता तिकडे कुणी गेले नाही. बाकीच्या बाया हात बांधून बाजूला उभ्या राहिल्या.

शांतलिंगने एकेकीकडे पाहिले.

त्याने हात धोतराला पुसला आणि कडी धरली. आतल्या बाजूने ती झिजून गुळगुळीत झाली होती, फुटलेल्या फोडालाही टोचली नाही.

"उचला."

डेग वर आली. एवढे वजन असेल असे त्याला वाटले नव्हते. खांदा खाली ओढला गेला, पाऊल वाकडे पडले, आणि पलीकडून गिरिजाबाईने तेवढा भार आपल्याकडे घेतला.

"दमानं. पुढं बगा, डेगेकडं बगू नका."

"कुठं ठेवायची?" त्याने विचारले.

"आंधी आत तर या. मान वाकवा, अप्पा, टेकू हाय."

त्याने मान वाकवली.