गळसरीची घुंडी

इंग्रजांचा अंमल होता तेव्हा बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात सुकलाल पटव्याचं दुकान होतं. सोनाराने घडवलेले मणी रेशमात ओवून बायकांच्या गळ्याला बसते करून द्यायचे, हा त्याचा पिढीजात धंदा. दुसऱ्याचं सोनं दिवसभर हाताळणाऱ्याची पुंजी ती काय? त्याचं नाव.

त्या नावावरच एका रविवारी घाला पडला. तापीकाठच्या गावाहून मथुराबाई सुनेला, आशाबाईला, घेऊन आल्या आणि भर बाजारात तिची सोन्याच्या मण्यांची गळसरी गादीवर टाकून म्हणाल्या, "सुकलालभाऊ, मागच्या साली ओवताना किती मणी खाल्ले?"

झालं होतं असं, की सुनेने लग्नाला जायचं म्हणून गळसरी घातली, तर मागची घुंडी दुसऱ्या टोकाच्या फाशापर्यंत पोचेना. दोन बोटं कमी. दोरा काही आखडत नाही, तेव्हा मणीच गेले असणार, असा मथुराबाईंचा हिशेब. त्यांचा आवाज असा, की केळीवालेसुद्धा गिऱ्हाईक सोडून आले.

 सुकलालने खुंटीवरचा दोऱ्यांचा जुडगा काढला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप तो दोऱ्याला गाठ मारून जपून ठेवी. आशाबाईचा दोरा गळसरीशेजारी ठेवला. दोन्ही अगदी बरोबर. मग तोच दोरा त्याने मथुराबाईंना सुनेच्या गळ्याभोवती धरायला लावला. दोन बोटं कमी पडला.

"गळसरी नाही आखडली मावशी, गळा वाढलाय," सुकलाल म्हणाला.

"वा रे पटव्या! कापला असशील दोरा."

लोक हसले. कुणी म्हणालं, सासरचं दूध-तूप मानवलं असेल. पण सुकलालची नजर गळ्यांना सरावलेली. अंगावर आलेलं मांस गळ्यावर सगळीकडून चढतं. हा फुगवटा मात्र पुढेच होता, घशाच्या घाटीच्या खाली. तो म्हणाला, राजपुऱ्यात विनायकराव डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. गळा पहिल्यासारखाच आहे असं ते म्हणाले, तर मणी मी पदरचे घालीन. दुकानाला फळी लावून तो दोघींबरोबर निघालाच.

विनायकरावांनी आधी आशाबाईला पेलाभर पाणी प्यायला दिलं आणि मथुराबाईंना तिच्या गळ्याकडे बघायला सांगितलं. घोटागणिक तो फुगवटा वर जाई, खाली येई. मथुराबाई वाकून बघत राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, अंगावरचं मांस असं घोटाबरोबर हलत नाही. इथे श्वासनळीच्या पुढ्यात पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. थायरॉइड म्हणतात तिला. तिच्या रसावर अंगाची चूल पेटती राहते. तो रस करायला आयोडीन लागतं, अगदी चिमूटभर. अन्नपाण्यातून ते मिळालं नाही, तर ग्रंथी बिचारी दुप्पट राबते आणि राबता राबता फुगते. समुद्राच्या मासळीत ते पुष्कळ असतं.

"आमच्याकडे तापी आहे, समुद्र कुठून आणू?" मथुराबाईंनी विचारलं.

डॉक्टर हसले. मग त्यांनी आशाबाईला विचारलं, थंडी फार वाजते का? झोप येते का? हातपाय जड होतात? प्रत्येक प्रश्नाला ती मान डोलावत होती. बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात ही सून गोधडी घेऊन निजायची आणि सासू तिला सगळ्या गावासमोर ऐदी म्हणायची.

"ऐदी नाही हो ती. चूल मंदावलीय," डॉक्टर म्हणाले. आयोडीनच्या औषधाचे थेंब मोजूनच घ्यायचे, कमी नाही, जास्त नाही, आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. गळा ओसरेल, पण पूर्ण ओसरेलच असं आज सांगता येणार नाही. अंगात उभारी मात्र येईल.

बाहेर आल्यावर मथुराबाईंनी सुनेच्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हाताने सारखा केला. ही गोष्ट आशाबाईने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

मग त्या सुकलालला हळूच म्हणाल्या, "चुकलं भाऊ."

"मावशी, चोर म्हणालात ते अख्ख्या इतवाऱ्याने ऐकलं. हे मी एकट्यानेच ऐकलं."

मथुराबाईंनी पदर खोचला. इतवाऱ्यात येऊन केळीच्या गाड्यांमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऐका रे! पटव्याने एक मणी खाल्ला नाही. आणि माझी सून ऐदी नाही. दोन्ही मीच बोलले होते, दोन्ही खोटं."

पलीकडून एका केळीवाल्याने विचारलं, मग खरं काय?

"ये इकडे," मथुराबाई म्हणाल्या, "आणि येताना पेलाभर पाणी आण. दाखवते."