पहिलं पाकीट

त्या रविवारी मुरगुडच्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा न्हवती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग बायका पंगतीच्या टेबलावर चढून बसल्या. पंखं बंद. ऐन उन्हाळ्यात पंखं बंद! का, तर तेजोवर्धन सर म्हणलं, "वाऱ्यानं व्हायब्रेशन हलतात."

सर स्टेजवर. भगवी कफनी न्हाय, दाढी न्हाय, अंगारा न्हाय. पांढरा सदरा, निळं जाकीट, गालाला चिकटलेला माईक. बंद पाकिटांचं ताट म्होरं. त्यातलं वरचं पाकीट त्यांनी उचललं, कपाळाला लावलं, डोळं मिटलं.

"कुणीतरी ज्येष्ठ व्यक्ती आहे... वेदना आहे... विचारतायत की, माझ्या उजव्या गुडघ्याची कळ कधी थांबणार?"

मी स्टेजवरच बसलेलो. उठलो नि हात वर केला. "व्हय! माझंच हाय!"

हॉलातनं जो आवाज उठला म्हणता! सरांनी पाकीट फाडलं, आतली चिठ्ठी बघितली, "करेक्ट" म्हणलं नि चिठ्ठी पालथी घातली. मग दुसरं पाकीट, मग तिसरं. प्रत्येक पोराच्या मनातलं, पाकीट न उघडता, शब्दाला शब्द. पोरगं उभं राहून "व्हय सर" म्हणायचं, की सर पाकीट फाडून खात्री करायचं. माझ्या बाजूला बसलेली माणसं हात जोडाय लागली.

आता मी कोण, ते सांगतो. मी पिराजी, गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभं राहून रस गुळाला कवा आला ते वळखायचं, ह्यात जलम गेला. शाळा चौथीपतोर. तरी स्टेजवर खुर्ची मिळाली, कारण मी सोबती मंडळाचा जुना माणूस. एसटी स्टँडाजवळ सकाळचा चहा एकत्र घेणारी आम्ही अकरा जणं. भांडायचं, चहा प्यायचा, कुणाच्या घरी मयत झाली की खांदा द्यायचा. एवढंच मंडळ. पण त्यात एक काम लाखमोलाचं हुतं. पुण्याची एक शिष्यवृत्ती देणारी संस्था दरवर्षी आमच्याकडं एकच नाव मागायची. गावातलं एक हुशार पोर. त्याला दोन वरीस पुण्यात ठेवून शिकवायची, सगळा खर्च तिच्याकडनं. आमची पत्रावर सही, की पोराचं भलं.

पोर निवडायची आमची रीत साधी. मार्कं बघायची, घरी जायचं, पोराशी तासभर बोलायचं. यंदा कुणाला इचार करायची बी गरज न्हवती. आमच्यातल्याच प्रसेनजीत वायरमनची सोनम. दहावीला तालुक्यात वर. पोरगी कशी, तर माझ्या गुऱ्हाळावर येऊन इचारायची, "मामा, गूळ झाला हे तुम्हाला डोळ्यानं कळतं, मग थर्मामीटरला किती कळत असंल?" दुसऱ्या दिवशी शाळेतलं थर्मामीटर घेऊन हजर.

पण आमचं अध्यक्ष अमरसिंह. सिमेंटचं दुकान, आणि डोक्यात मोठमोठ्या गोष्टी. एक दिवस चहावर म्हणलं, "अरे, गावातलं मंडळ म्हणून कुठवर ऱ्हायाचं? समविचारी संस्थांबरोबर भागीदारी पायजे. तेजोवर्धन सरांचं नेतृत्वपीठ आपल्याशी करार करायला तयार हाय."

प्रसेनजीत म्हणला, "समविचारी म्हंजे? आपला इचार काय हाय ते तरी त्यांनी इचारलंय का?"

"तू वायरी जोड. नेतृत्व म्हंजे काय ते तुला कळायचं न्हाय. सर पोराचं मन वाचून सांगत्यात, ह्याच्यात लीडर हाय का न्हाय. मार्कं काय, घोकून बी पडत्यात."

आम्ही नऊ जणं गप्प. अध्यक्ष हाय, मोठी माणसं वळखीची हाईत, आसंल बाबा.

तर असा त्या दिवशीचा तमाशा. आठ पोरांनी आपलं सपान चिठ्ठीत लिवलं, पाकिटं चिकटवून ताटात टाकली. त्यातल्या एका पोरात "नेतृत्वचक्र" उघडं दिसलं, की त्याचंच नाव पुण्याला. सर एकेकाचं वाचत गेलं. एकाला पोलीस व्हायचंय, एकीला नर्स. मग सरांनी एक पाकीट कपाळाला लावलं नि त्यांचं तोंड आंबट झालं.

"पावसाचा अंदाज सांगणारी शास्त्रज्ञ व्हायचंय कुणाला?"

सोनम उभी राहिली. "मला, सर."

"स्वप्न चांगलं आहे बेटा. पण हे व्हायब्रेशन डार्क आहे. तू फॉलोअर आहेस. लीडर नाहीस. वाईट वाटून घेऊ नको, समाजाला फॉलोअरही लागतात."

आणि शेवटच्या पाकिटाला त्यांचं कपाळ एकदम उजळलं. चक्र उघडं, तेज सळसळतंय! कुणाचं? अमरसिंहाच्या पुतण्याचं, पृथ्वीराजचं. पोरगा वाईट न्हाय, उगं खोटं कशाला बोलू. पण वडलांचा पेट्रोल पंप असणाऱ्याला पुण्याच्या संस्थेनं का पोसायचं?

टाळ्या सुरू झाल्या. तवर सोनम परत उभी.

"सर, एक प्रश्न हाय. माझ्या पाकिटाचा डिंक धरत न्हवता, म्हणून मी बाबांची निळी चिकटपट्टी लावलीती, वायरिंगची. तुम्ही माझं सपान सांगितलं, तवा कपाळावरच्या पाकिटाला पट्टी न्हवती. पट्टीवालं पाकीट तुम्ही त्याच्या आधीच फाडलंतं."

हॉल थंड.

सर हसलं. "बघितलंत? यालाच मी डार्क म्हणालो."

हॉल बी हसला. मी बी हसलो. दात काढून.

पण पोरगी बसती हुय! "म्हंजे खात्री करायला म्हणून जे पाकीट फाडता, त्यातलं पुढच्या खेपंला सांगता. एक पाकीट पुढं चालता. मग ऱ्हातं फकस्त पहिलं. ते न वाचता कसं कळलं?" आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "पिराजीमामा, तुमच्या चिठ्ठीत तुम्ही खरंच गुडघ्याचं लिवलंतं?"

सगळा हॉल माझ्याकडं बघाय लागला. अमरसिंह बघाय लागला. सर हसत बघाय लागलं. प्रसेनजीत बी बघत हुता.

"व्हय," मी म्हणलो. "लिवलंतं की."

सोनम खाली बसली.

मग करारावर सह्या झाल्या, शाली झाल्या, फोटो झालं. पुण्याच्या पत्रावर अकरा सह्या लागत्यात. मी केली, नि पेन प्रसेनजीतच्या हातात दिलं. त्यानं पोरीकडं बघितलं न्हाय. सही केली.

घरी आलो. माझी बायको सोनूबाई भाकरी थापत हुती. मागं न बघताच म्हणली, "तुमचा गुडघा कवा धरला म्हणायचा?"

"हं?"

"न्हाय, परवा शिडीनं माळ्यावर चढलासा, म्हणून इचारलं. उजवा म्हणं. बत्तीस वरसं झाली लग्नाला, मला पत्ता न्हाय, नि त्या जाकिटवाल्याला ठावं!"

मी हात-पाय धुतलं. ताटावर बसलो, नि भाकरी तशीच ठेवून उठलो.

खरं ते असं. त्या दिवशी सकाळी सरांची मोना मॅडम माझ्याकडं आलती. ग्वाड बोलणं. "काका, तुमचा चेहरा किती प्रामाणिक आहे! तुमची चिठ्ठी कोरी ठेवा. सर पहिल्यांदा जे बोलतील, त्याला फक्त हो म्हणा. एनर्जी ओपन करायला लागतं. शुभारंभ समजा." मला वाटलं, नारळ फोडत्यात तसलं काय तरी आसंल. आणि खरं सांगू का, स्टेजवरची खुर्ची, शाल, प्रामाणिक चेहरा... बरं वाटलं मला. माझं कोरं पाकीट मॅडमनी ताटात सगळ्यात खाली घातलं. ते बी मी बघितलं, नि गप्प बसलो. पिवळाधमक गूळ दिसला की ह्यात भेसळीची पावडर किती, हे लांबनं वळखणारा मी गुळव्या. आणि हितं पावडर मीच हुतो.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतच्या दारात गेलो. सोनम वट्ट्यावर पुस्तक घेऊन. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं न्हाय.

"मला कशाला सांगताय मामा? मला ठावंच हुतं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना सांगा की."

आतनं प्रसेनजीत आला. मला वाटलं, शिव्या घालंल. घातल्या असत्या तर बरं हुतं.

"पिराजी, रातच्याला पोरगी मला म्हणली, बाबा, मामा खोटं बोलला. तिला मी गप केलं. म्हणलं, पिराजी मेला तरी खोटं बोलायचा न्हाय, तुझीच नजर चुकली आसंल. तुझ्यापायी मी माझ्या पोरीला खोटी पाडली." आणि तो आत गेला.

त्याच आठवड्यात मी गावात पुडी सोडली, पिराजी गुळव्याला मन वाचायची सिद्धी आलीय, रविवारी शाळंच्या पटांगणात दाखवणार. अमरसिंहाला वाटलं, सरांचा परसाद मला लागला. त्यानं माईकची बी सोय केली. गर्दी काय इचारू नका, सरांच्या वरताण.

मी ताट घेतलं, पाकिटं गोळा केली. एक पाकीट कपाळाला लावलं, डोळं मिटलं.

"कोण तरी बाई हाय... म्हणतीय, माझ्या नवऱ्याचं घोरणं कवा थांबल?"

"व्हय! माझंच हाय वं!" सोनूबाई वरडली. हशा पिकला. मी पाकीट फाडलं, "करेक्ट" म्हणलो, दुसरं उचललं. मग तिसरं. माझ्या असल्या हातानं, असल्या थोबाडानं, शब्दाला शब्द. हसणारी माणसं हळूहळू गप झाली. सहाव्या पाकिटाला म्हातारी बनाबाई उठली, काठी टेकत म्होरं आली नि माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"देवा, माझी म्हस गाभण जाईना रं."

मी ताट खाली ठेवलं. पाच पाकिटं! निसती पाच पाकिटं वाचली, नि चौथी पास पिराजी देव झाला. मी म्हातारीला धरून उभी केली. "बनाक्का, म्हस डॉक्टरला दाखव. मी चोर हाय."

आणि सगळं उघडं केलं. सोनूबाईनं काय बी लिवलं न्हवतं. ती "व्हय" म्हणली तवा माझ्या कपाळावर गणपती न्हाव्याचं पाकीट हुतं. ते फाडून मी त्याची चिठ्ठी वाचली. पुढचं पाकीट कपाळाला लावलं, नि गणपतीचं मन सांगितलं. असं एकेक पुढं. शेवटचं पाकीट सोनूबाईचं, कोरं, ते मी वर करून दाखवलं. "त्या दिवशी सरांच्या ताटात हे कोरं पाकीट माझं हुतं. माझा गुडघा धडधाकट हाय. सोनमनं भर हॉलात इचारलं, नि मी तुमच्या देखत खोटं बोललो."

"गावाची अब्रू घालवलीस की रं!" अमरसिंह वरडला.

"घालवली ती मागच्या रविवारी. आज सांगतोय निस्तं."

कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. माणसं एकमेकाकडं न बघता घरला गेली. मागच्या रविवारी ती बी हसलीती पोरीवर.

नवं पत्र लिवलं, सोनमच्या नावाचं. नऊ सह्या झाल्या. अमरसिंहानं केली न्हाय. प्रसेनजीतनं बी न्हाय, म्हणला, "माझीच पोर हाय, मी कशी करू? मागची बी करायला नको हुती." त्या पत्राखाली मी माझ्या हातानं खरं काय झालं ते लिवलं, वाकड्या अक्षरात.

बारा दिसांनी पुण्यासनं उत्तर आलं. एकाच मंडळाच्या दोन वेगवेगळ्या शिफारशी आल्यानं यंदा मुरगुडचं कोणतंच नाव घेता येत न्हाय. पुढच्या सालापासनं आमच्याशी असलेली भागीदारी बी थांबवत हाय. भाषा सभ्य हुती. त्यांचं काय चुकलं? माझ्यासारख्याच्या सहीवर त्यांनी पोर का घ्यावं?

सोनम कोल्हापुरात कॉलेजला जाती, सकाळच्या एसटीनं, दोन तास जायला-यायला. दिसली की मान हलवती, मामा म्हणत न्हाय. प्रसेनजीत चहाला येतो, पण माझ्या बाकड्यावर न्हाय बसत. आणि सोनमच्या पाठोपाठ जी पोरं त्या पुण्याच्या वाटंनं गेली असती, त्यांची नावं मला ठावं न्हाईत. ती वाट आता बंद हाय.

तेजोवर्धन सरांना काय बी झालं न्हाय. परवा गुऱ्हाळावरच्या पोरानं फोनवर नेसरी गावचा व्हिडिओ दाखवला. तेच जाकीट, तेच ताट, कुठलं तरी दुसरं मंडळ, नवा करार. पहिलं पाकीट कपाळाला लावलं, नि स्टेजवरनं एक म्हातारा उठला. धोतर, टोपी, तोंडावर सगळ्या गावाचा इश्वास. "माझंच हाय," म्हणला.

म्हणून हे सांगतोय. कोण असं मन वाचाय लागला, तर भिऊ नका, इचारा. फाडलेली चिठ्ठी पालथी का घालतोस, सुलटी करून दाव म्हणावं. पहिलं पाकीट आम्ही सांगू त्या पोराचं घे म्हणावं. पोर निवडायची असंल तर त्याच्या वह्या बघा, त्याच्याशी बोला. कपाळात काय नसतं, वह्यांत असतं. आणि इचारणाऱ्या पोरीला कोण खाली बस म्हणलं, तर तुम्ही तिच्या बाजूला उभं ऱ्हावा.

आणि म्हाताऱ्या, तुझं नाव मला कळलं न्हाय, पण हे तुझ्याबी कानावर गेलं तर ऐक. तुला बी कोणतरी सकाळी येऊन प्रामाणिक चेहरा म्हणलं आसंल. अजून शिफारशीची पत्रं गेली नसतील. उठ, नि सांग.