स्वयंपाकघरातलं विमान

शनिवारी सकाळी पावणेसहाला येर्काच्या स्वयंपाकघरात होतं ते असं: ताठ पाठीची लाकडी खुर्ची एक. तिच्यापुढे, गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर, आडवं लावलेलं इस्त्रीचं टेबल एक. खोलीतली ओल शोषणारं यंत्र एक. भिंतीवर आर्द्रतामापक एक, आकडा एकाहत्तर टक्के. फ्रीजरमध्ये बर्फाचे खडे चाळीस, प्रत्येकी पंधरा मिलिलिटर पाण्याचे. गोळ्यांच्या पुड्या अकरा. झाकण लावलेले जेवणाचे डबे तीन. आणि खुर्चीत, अंगात कोट, पोटावर पट्ट्याऐवजी एप्रनची नाडी बांधून, अडुसष्ट वर्षांची येर्का.

"सुटलं का?" तिनं विचारलं.

"अजून पंधरा मिनिटं आहेत, आत्या."

"मग यंत्र चालू कर. विमान सुटेपर्यंत हवा कोरडी व्हायला हवी."

तिहानानं बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं. ब्राच बेटावर असं यंत्र घरोघरी असतं. दगडी भिंती हिवाळ्यात घामाघूम होतात. पण खोलीचं विमान करायला ते वापरावं, हे येर्कालाच सुचलं. विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. "वाळवंटात तहान लागते. मला लागेल ती तहान इथंच बघून घेऊ," एवढं बोलून तिनं भाचीला खोलीचं माप घ्यायला लावलं होतं.

तिहाना रसायनशास्त्र शिकून उन्हाळ्यातच मुख्य भूमीवरच्या स्प्लिट शहरातून परतली होती. प्रयोग कसा मांडावा हे आपण विद्यापीठात शिकलो, असा तिचा समज होता. गेल्या सहा आठवड्यांत तो बराच सैल झाला होता.

येर्काची मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार ती बेटाच्याच किनाऱ्यावरच्या डायलिसिस केंद्रात जाते. जे काही पाणी पोटात जाईल ते दोन खेपांच्या मध्ये अंगातच साठतं. मशीन ते काढतं. काढून झाल्यावर तिचं वजन एकसष्ट किलो भरतं. त्याला कोरडं वजन म्हणतात. शुक्रवार ते सोमवार मधे एक दिवस जास्त जातो, आणि दर सोमवारी काटा चौसष्टच्या वर गेलेला असतो.

तिचा थोरला भाऊ फ्राने चिलीच्या टोकाला पुंता अरेनास गावात राहतो. येर्का सहा वर्षांची असताना तो तिकडे गेला. आता चौऱ्याऐंशीचा आहे. त्याच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग पडलाय, कडेचं तेवढं दिसतं, आणि डाग दर महिन्याला पसरतोय. "ये लवकर," तो फोनवर म्हणाला होता, "तोंड नाही दिसलं तरी तुझे कान दिसतील. आपल्या बापाचे कान आहेत ते."

तिथल्या डायलिसिस केंद्रात फेब्रुवारी-मार्चचे पाच आठवडे एक खुर्ची रिकामी होती. पंधरा खेपा. हवी की नको, हे येत्या सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर रांगेत दुसरे होते. आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाच्या कागदावर सही करायला एकच अट घातली होती. शुक्रवार ते सोमवारच्या लांब सुट्टीत वजन अडीच किलोच्या वर वाढता कामा नये. काटा त्रेसष्ट पूर्णांक पाचच्या आत दिसला तर सही, नाहीतर नाही.

म्हणून ही रंगीत तालीम.

बाकी सगळी तयारी येर्कानं आधीच करून ठेवली होती. तीस वर्षं ती सहकारी संस्थेच्या ऑलिव्हच्या घाण्यावर वजनकाट्याशी बसली होती. पोतं उचलताना माणसाचा चेहरा बघून त्यात पानं किती, दगड किती हे सांगायची. प्रवासाकडेही तिनं तसंच बघितलं. तिकिटाची किंमत सगळ्यांना दिसते, ती म्हणायची, पानं आणि दगड नंतर निघतात.

आणि पानं-दगड निघालेच. वैद्यकीय कागद चौदा. स्पॅनिश भाषांतर शिक्क्यासकट, पानामागे बारा युरो. त्यातला रक्ताच्या चाचणीचा कागद तीसच दिवस चालतो, म्हणजे निघायच्या तोंडावर चाचणी पुन्हा आणि भाषांतरही पुन्हा. तिथल्या दर खेपेचा दर इथल्यापेक्षा जास्त, वरचा फरक पदरचा. उत्तरेचा वारा सुटला की फेरीबोट बंद, म्हणून निघायच्या आधीचं डायलिसिस स्प्लिटमध्येच घ्यायचं आणि गुरुवारपासून तिथं मुक्काम. पुंता अरेनासच्या नर्सेसना अर्धा-अर्धा किलो कॉफीची पाकिटं.

"तिकडे कॉफी मिळत नाही का?" तिहानानं विचारलं होतं.

"मिळते. पण रिकाम्या हातानं पहिल्यांदा सुई टोचून घ्यायला मी जाणार नाही."

एक चूक मात्र येर्कानं तिहानाचीही काढली. तिहानानं वेळापत्रक मांडलं होतं: शनिवारी सहाला विमान, माद्रिद, सान्तियागो, पुंता अरेनास, एकूण एकतीस तास, सोमवारी सकाळी सातला खुर्ची. येर्कानं ते दोनदा वाचलं. "तिथले सात म्हणजे आपले किती?"

"अकरा."

"म्हणजे माझा सोमवार चार तास उशिरा उगवतो. ते चार तास कुठं धरलेस?"

कुठंच धरले नव्हते. मग येर्कानं केंद्रात फोन करून या सोमवारची आपली सातची खुर्ची अकराला बदलून घेतली.

सहा वाजता तिहाना म्हणाली, "सुटलं."

साडेसातपर्यंत आर्द्रता एकोणपन्नासवर आली, दुपारी चौतीसवर. यंत्राच्या टाकीत सव्वादोन लिटर पाणी जमलं. येर्का ओठ मिटून बर्फाचा एक खडा तोंडात घोळवत त्या टाकीकडे बघत होती.

"माझ्या तीन दिवसांपेक्षा हीच जास्त प्याली," ती म्हणाली. "ओत बाहेर. लाज वाटते."

दिवसाला सहाशे मिलिलिटर, दुपारी बारा ते बारा: हे तिचं रेशन. म्हणजे चाळीस खडे. एक खडा तोंडात गेला की तिहाना कागदावर एक रेघ ओढायची. गोळ्याही खड्याबरोबरच. डब्यांत विमानातलं जेवण होतं, चीज, पाव, खारवलेलं मांस. तिहाना म्हणाली होती की कमी मिठाचं जेवण आधी सांगून मागवता येतं.

"येईलच, असं कुणी लिहून दिलंय? आलं नाही तर मी काय, खिडकीबाहेर बघून पोट भरू? खारट दे."

दर दोन तासांनी ती नाडी सोडून उठायची, ओट्यापासून दारापर्यंत सहा फेऱ्या मारायची, पोटऱ्या चोळायची आणि परत बसायची. दुपारी खिडकीतून शेजारचे दिन्को काका डोकावले. आयुष्यभर दगडाच्या खाणीत काम केलेला माणूस, आवाजही तसाच.

"कुठवर पोचलीस गं?"

"समुद्रावर आहे. खिडकी लाव, हवा बिघडते."

"अंजीर आणलेत. माझ्या चुलतभावाला दे तिकडे. दोनच किलो आहेत."

"जप्त होतील आणि वर दंड भरावा लागेल. प्रत्येक घराला माझ्या सामानात पन्नास ग्रॅम. पत्र लिही, फोटो दे."

"पन्नास ग्रॅममध्ये आमचं भांडणसुद्धा मावणार नाही," काका म्हणाले आणि अंजीर परत घेऊन गेले.

संध्याकाळी तिहानानं अंदाज बांधला. पोटात गेलेलं पाणी, अन्नातलं पाणी, श्वासातून आणि कातडीवाटे उडालेलं पाणी. वाढ दोन पूर्णांक चार किलो येत होती. चूक दोनशे ग्रॅम इकडे किंवा तिकडे. म्हणजे अट पाळली जाईल की नाही, हे तिच्या गणिताला सांगता येत नव्हतं. तिनं तो कागद आत्याला दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता. आत्यानं चेहऱ्यावरून वजन केलं असतं.

"पण गेले सगळे सोमवार तीन किलोच्या वर," तिहाना म्हणाली. "रेशन हेच, तरी. मला हे जमत नाहीये. सहाशे ते नऊशे ग्रॅमचा पत्ता लागत नाही."

"नर्सला लागलाय," येर्का म्हणाली. "दर सोमवारी म्हणते, येर्काबाई, नळ बंद ठेवत जा. हसत म्हणते. पण वहीत बघून म्हणते." तिनं कोटाची बटणं नीट केली. "तीस वर्षं लोकांनी माझ्या काट्यावर माल टाकला, एकानं पुन्हा मोजायला सांगितलं नाही."

ती रात्रभर खुर्चीतच झोपली. तिहाना बाकावर.

रविवारी सकाळपर्यंत येर्काचे ओठ फाटले होते, आणि डाव्या घोट्याचा घेर सेंटिमीटरनं वाढला होता. तिहाना म्हणाली, "आत्या, सान्तियागोला उतरल्यावर आडवी होऊन घे जरा. तिथं बाक असतील."

"असतील. त्यांवर लोकही असतील. मी बसते."

एक वाजता विमान पुंता अरेनासला उतरलं. येर्कानं नाडी सोडली, दोन्ही हातांनी टेबल बाजूला सारलं आणि उभी राहिली. तेवढ्यात दार उघडून दिन्को काका आत आले. हातात फडक्यात धरलेलं पातेलं.

"पोचलीस ना? फ्रानेकडे उतरल्या उतरल्या रविवारचं सूपच मिळणार तुला. तालीम करायची तर पुरी कर!"

गावात रविवारी दुपारी ज्याच्या घरी चूल आहे त्याच्या घरी सूप असतं. बकऱ्याच्या मांसाचं, शेवया घातलेलं. येर्काचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. तिनं खोलगट ताटली घेतली, काकांनी काठोकाठ वाढली, तिनं चमचा उचलला. तिहानानं सवयीनं पेन्सिल उचलली, आणि ती हवेतच राहिली.

"आत्या, हे किती खडे धरू?"

"हे कशाला धरतेस? हे जेवण आहे."

"तू सूप कधीच धरत नाहीस?"

"ताटलीतलं चमच्यानं खातात, ते कोण मोजतं? पाणी मोजते, कॉफी मोजते, दूध मोजते. परवा शुक्रवारीसुद्धा संध्याकाळी…" येर्का थांबली.

चमचा तिनं खाली ठेवला. मग कपाटातून मोजपात्र काढलं, ताटलीवर गाळणी धरून सगळा रस त्यात ओतला आणि पात्र खिडकीपाशी नेऊन डोळ्यांच्या पातळीत धरलं. घाण्यावर तेल बघायची तशी.

"तीनशे दहा," ती म्हणाली.

यंत्र घरघरत होतं.

"शुक्रवारी एक. रविवारी एक, कधी दोन. चार वर्षं." तिनं पात्र ओट्यावर ठेवलं. "नर्स बरोबर बोलत होती, तिहाना. पीत होते मी."

"तुला माहीत नव्हतं, आत्या."

"काट्याला माहीत होतं. मी काट्यावर संशय घेतला." मग ती काकांकडे वळली. "दिन्को, शेवया आणि मांस खाते. रस तू घेऊन जा."

"रस काढून घेतलेलं सूप?" काका खरोखरच दुखावले. "त्यापेक्षा ते मांजरापुढे ठेव. माझ्या आईनं बघितलं असतं तर…"

"तुझी आई मला न विचारता वजनात दगड घालायची. बस खाली, जेव."

काका बसले. थोड्या वेळानं रसाचं मोजपात्र त्यांनीच तोंडाला लावलं.

जेवण होताच येर्कानं कागद पुढे ओढला. "शुक्रवारचं सूप यात लिही. तीनशे दहा."

"ते होऊन गेलं. आता लिहून काय…"

"होऊन गेलेलं आत आहे. लिही. आणि आजच्या रेशनमधून वजा कर."

तिहानानं वजाबाकी केली. सहाशेतून तीनशे दहा. एकोणीस खडे, सोमवारी अकरापर्यंत बावीस तास. तिला स्वतःच्या प्रयोगशाळेतले दिवस आठवले: आलेखावर नको तिथं बिंदू पडला की तो 'चुकून आलेला' म्हणून खोडायचा मोह किती जणांना व्हायचा, तिला स्वतःलाही व्हायचा. आत्यानं तो बिंदू स्वतः शोधून, मोजून, स्वतःच्याच विरुद्ध मांडला होता. आणि वर विचारत होती, "फ्रानेकडे गेल्यावर वहिनी रोज सूप करेल. त्यांच्या ताटल्या केवढ्या असतात, फोन करून विचारशील?"

तिहानानं फोन केला. तिकडच्या वहिनीला आधी काही समजेना. मग ती स्वयंपाकघरात गेली, ताटलीत पाणी भरून मापलं आणि सांगितलं: तीनशे चाळीस. मागून फ्राने ओरडला, "तिला सांग, माझ्या ताटलीत खाईल ती, मला नाहीतरी मधलं दिसत नाही!" येर्का हसली, आणि ओठाला पडलेली चीर पुन्हा उघडली.

सोमवारी बसमध्ये तिनं शेवटचा खडा थर्मासातून काढून तोंडात टाकला. तिहानानं रेघ ओढली. सव्वा तासाच्या वाटेत येर्का एकदाच म्हणाली, "नाही जमलं तर खुर्ची सोडल्याचं लगेच कळव. रांगेतला माणूस वाट बघत असेल."

केंद्रात दारातच नर्स भेटली. "काय येर्काबाई, नळ?"

"सूप," येर्का म्हणाली. "चार वर्षं मी सूप मोजत नव्हते. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं."

नर्सनं वही उघडली. डॉक्टरीणबाई आतून आल्या. हातात तो कागद, पेनचं टोपण अजून लावलेलं. येर्कानं कोट काढून तिहानाकडे दिला, बूट काढले, शुक्रवारी होते तेच कपडे आहेत हे नर्सला दाखवलं आणि काट्यावर चढली. आकडे थोडे हलले, थांबले. ती उतरली, काटा शून्यावर येईपर्यंत थांबली, आणि पुन्हा चढली.

दोन्ही वेळा त्रेसष्ट पूर्णांक दोन. डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं.